जुळ्यांचा दिवस आणि सातशे किलोमीटर

समृद्धी महामार्गाची ओळख एका वाक्यात करून दिली जाते: नागपूर ते मुंबई, आठ तासांत. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा 701 किलोमीटरचा हा रस्ता पुरा झाला. मोटारींसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. तेवढ्या वेगाने सलग चालवले तर सहा तासांच्या आत अंतर संपते. वर दोन तास चहा, जेवण आणि इंधनाला धरले की झाले आठ. हिशेब चोख आहे, पण तो गृहीत धरतो की गाडीतला प्रत्येक जण भूक, लघवी आणि कंटाळा दाबून ठेवू शकतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला यांतले काहीच दाबता येत नाही, आणि जुळी असतील तर न दाबता येणाऱ्या गोष्टी एकाच गाडीत दोनदा घडतात, बहुधा वेगवेगळ्या वेळी. या वयाच्या जुळ्यांना घेऊन हा प्रवास आठ तासांत करू नये. तो दहा तासांतही करू नये आणि बारातही नाही. तो दोन दिवसांचा धरावा, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. मुले नाजूक असतात म्हणून हे सांगायचे नाही. लहान मुलाच्या चोवीस तासांत एवढा प्रवास बसत नाही, आणि तो बळेच बसवायला गेले की सुरक्षिततेची सर्वांत महत्त्वाची व्यवस्था मोडते, हे त्यामागचे कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या दिवसाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास झोप हवी, दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल हवी, आणि बाबागाडी किंवा उंच खुर्चीसारख्या ठिकाणी एका वेळी एका तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असे त्या सांगतात. आता वजाबाकी करून पाहू. रात्रीची दहा तास झोप काढली की उरतात चौदा. त्यांतून तीन तास हालचालीचे गेले. भरवणे, अंघोळ, कपडे बदलणे यांत आणखी तीन गेले. उरले आठ, आणि दुपारची दीड-दोन तासांची झोपही त्यातच आली. म्हणजे आईबापांनी पूर्ण दिवस रस्त्याला वाहून दिला, तरी मूल बांधलेले राहू शकेल असा वेळ कागदावर जेमतेम आठ तास निघतो. वाहतूक कोंडी, उलटी, टोलनाक्यावरची रांग यांसाठी काही राखून ठेवले की व्यवहारात पाच-सहा तासच उरतात. यावर कुणी म्हणेल की ती एका तासाची सूचना बाबागाडीसाठी आहे, मोटारीसाठी नव्हे. खरे आहे. मोटारीच्या बाबतीत सहसा दर दोन तासांनी थांबण्याचा सल्ला दिला जातो. मला दोन्हींचा मेळ असा घालावासा वाटतो: मूल जागे असताना तासाभराचा पल्ला, झोपले असेल तर दोन तासांचा. दोन्ही मुले एकाच वेळी झोपली तरच हा दुसरा आकडा लागू होतो, हे जुळ्यांच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

जुळी म्हणजे एका मुलाच्या कामाची दुप्पट, असा सर्वसाधारण समज असतो. प्रवासात तो फसवा ठरतो, कारण काही कामे दुप्पट होतात, काही होत नाहीत आणि काही दुपटीपेक्षाही जास्त होतात. डायपर बदलायला दोन मोठी माणसे असतील तर दोन मुलांना एकाएवढाच वेळ लागतो. एकच माणूस असेल तर दुप्पट लागतो, आणि त्या वेळात दुसरे मूल काय करते हा प्रश्न उरतोच. गाडीतून उतरल्यावर दोन मुले दोन दिशांना धावू शकतात, आणि महामार्गाच्या कडेला यापेक्षा गंभीर गोष्ट नाही. रडण्याची तर गंमतच आहे. नवजात बाळे दुसऱ्या बाळाचे रडणे ऐकून रडू लागतात, हे मार्विन सिमनर या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. दीड वर्षाची मुले नवजात नसतात, पण चार फुटांच्या बंद जागेत एकाने भोकाड पसरले की दुसरे फार वेळ गप्प बसत नाही. म्हणून जुळ्यांच्या प्रवासात मुलांइतकीच मोठ्या माणसांची संख्या महत्त्वाची ठरते. चालक सोडून दोन माणसे असतील तर एक थांबा अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. चालक सोडून एकच असेल तर चालकालाही विश्रांती मिळत नाही, कारण थांबल्याबरोबर तोही मुलांमागे लागतो. ही अडचण आता थोड्या घरांपुरती राहिलेली नाही. जगात 1980 च्या दशकात दर हजार बाळंतपणांत सुमारे 9 जुळी होत, आता 12 होतात; यात उशिरा होणारी मातृत्वे आणि वंध्यत्वावरचे उपचार यांचा वाटा मोठा आहे.

मुलाच्या दिवसात न मावणारा तास गाडीत कसा दिसतो? तो रडण्याच्या रूपाने दिसतो. सुरुवातीला खेळणे, मग खाऊ, मग गाणी, आणि हे सारे संपल्यावर पट्टा सुटतो. मूल मांडीवर येते आणि शांत होते. दुसऱ्याला ते दिसते, मग तेही येते. दमलेल्या मुलाला कुशीत घेणे याहून स्वाभाविक काही नाही, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने याहून घातक काही नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी 140 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो कुठल्याही आईच्या किंवा बापाच्या हातात नसतो. 50 च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. 120 च्या वेगाने तेच अंतर 57 मीटर, म्हणजे जवळजवळ एकोणीस मजले होते. आपल्या पट्ट्यातच मुलालाही गुंडाळून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मग मोठ्या माणसाचे सारे वजन मुलाच्या अंगावर येते. ‘मागच्या सीटवर काही होत नाही’ हा समजही आपल्याकडे फार घट्ट आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, त्यात मृत्यू पावलेले दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. हा दंड किती जणांना होतो ते आपण सगळे पाहतो. पण दंड होत नाही म्हणून नियमातले तथ्य कमी होत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार योग्य चाइल्ड सीटमुळे मोटारीतल्या तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी कमी होतो. त्या सीटचे तोंड कुठल्या बाजूला आहे यालाही फार महत्त्व आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचे धड पट्टा धरून ठेवतो, पण डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोके एकत्रच सीटच्या पाठीत रुततात आणि जोर विभागला जातो. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकाला ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली आणि 1960 च्या दशकात त्याने अशी पहिली सीट बनवून पाहिली. स्वीडिश पालक आजही चार वर्षांपर्यंत मुलांना मागे तोंड करून बसवतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये दोन वर्षांची जुनी अट काढून टाकली आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसते तोवर तोंड मागेच ठेवा, असे सांगितले. यावर ठरलेला आक्षेप येतो की मुलाचे पाय सीटच्या पाठीला टेकतात, अवघडतात. ज्या घरात जेवायला अजूनही मांडी घालून बसतात, तिथे हा आक्षेप यावा याचे मला थोडे नवल वाटते. मुले पाय दुमडून मजेत बसतात.

वजन-उंचीची ही मर्यादा जुळ्यांच्या बाबतीत एक वेगळाच पेच टाकते. निम्म्याहून अधिक जुळी नवव्या महिन्याची मुदत पुरी होण्याआधी, म्हणजे 37 आठवड्यांच्या आत जन्मतात, आणि दोघांच्या वजनांत बरीच तफावत असू शकते. वाढदिवस एकच म्हणून दोघांनाही एकाच दिवशी पुढे तोंड करून बसवले, तर हलक्या मुलावर अन्याय होतो. वय सारखे असले तरी निर्णय वेगळे घ्यावे लागतात, आणि एक मागे तोंड करून, एक पुढे तोंड करून असे काही महिने जाऊ शकतात. दोघांनी एकमेकांकडे बघत बसावे म्हणून एकाची दिशा बदलण्याचा मोह होतो, पण तोही टाळावा. खर्चाचा आक्षेप मात्र खोटा नाही. एका मुलाची सीट धाकट्या भावंडाला देता येते. जुळ्यांना दोन एकदम घ्याव्या लागतात. कुणाची तरी वापरलेली घेण्यात गैर नाही, फक्त ती कुठल्या अपघातातून गेलेली नसावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. ज्यांना दोन सीट घेणे परवडत नाही, त्यांनी एक घेऊन आलटूनपालटून वापरू नये. त्यांनी रेल्वेने जावे. त्याविषयी पुढे येतेच.

साध्या पाच माणसांच्या गाडीत दोन चाइल्ड सीट मागे दोन टोकांना बसवल्या की मध्ये एका सडपातळ माणसापुरती जागा उरते. तिथेच बहुतेक घरांत आजी बसते, कारण दोन्ही नातवंडांना तिचा हात पोचतो. पण ही गाडीतली सर्वांत गैरसोयीची जागा आहे: पाय मधल्या उंचवट्यावर, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या भिंती, आणि जुन्या गाड्यांमध्ये नुसता कमरेचा पट्टा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तिथे चार तास बसवणे ही काही सेवा नव्हे. दर थांब्यावर माणसे बदलावीत. एक मूल पुढे, चालकाशेजारी ठेवून जागा करण्याचा विचारही कुणी करू नये. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर ठेवणे म्हणजे फुगणाऱ्या पिशवीचा मार थेट मुलाच्या डोक्यामागे येणे. मुलांना उतरवायचे ते डाव्या दाराने, कडेच्या बाजूने, आणि उजव्या टोकाचे मूलही आतूनच डावीकडे घ्यायचे. म्हणून ज्या मुलाला जास्त वेळा उचलावे लागते ते डावीकडे असलेले बरे.

एवढे ऐकून अनुभवी लोक हटकून सांगतात: रात्री निघा, मुले झोपतात, सकाळी मुंबई. मुले झोपतात हे खरे, पण चालकाचे काय? जुळ्यांच्या आईबापांची झोप आधीच मोडलेली असते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या विल्यमसन आणि फेयर यांच्या अभ्यासात 17 ते 19 तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका, किंवा त्याहूनही, मंद आढळला. आपल्याकडे कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून रात्री अकराला स्टिअरिंग हातात घेणारा बाप दारू न पिताच ती मर्यादा ओलांडून बसलेला असतो, आणि पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या झोपेचा सर्वांत खोल काळ तर पुढेच असतो. समृद्धीसारख्या सरळ, वळणे कमी असलेल्या, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेल्या रस्त्यावर नजरेला काम उरत नाही आणि पेंग लवकर येते. मुलांच्या झोपेसाठी चालकाची झोप गहाण टाकण्याचा हा सौदा आहे. पहाटे पाचला, पूर्ण झोप घेऊन निघणे ही वेगळी गोष्ट. मुले अर्धवट झोपेत सीटमध्ये ठेवली जातात, पहिला पल्ला ती बहुधा झोपूनच काढतात, आणि चालक ताजा असतो.

झोपेसाठी सर्दी-खोकल्याच्या औषधाचा चमचा देण्याची पद्धत तर याहून वाईट. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. बरे नसताना जे द्यायचे नाही ते बरे असताना का द्यावे? मोबाइलचे म्हणाल तर मला त्याची एवढी भीती वाटत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, असे आरोग्य संघटना सांगते, पण रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेणे आणि दहा मिनिटे गाणे दाखवणे यांत निवड करायची झाली, तर दुसरेच निवडावे. खाऊबद्दल मात्र कडक राहावे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न हे पदार्थ या वयात घशात अडकू शकतात, आणि मागे तोंड करून बसलेल्या मुलाचा चेहरा पुढच्यांना दिसत नाही. चालत्या गाडीत चावून खायचे काही देऊ नये. जेवण थांब्यावर.

हे थांबे हीच समृद्धीची जुनी दुखरी बाजू. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हा शेकडो किलोमीटर सावली, खाणे आणि स्वच्छतागृह यांची वानवा होती आणि त्यावर भरपूर टीकाही झाली. सोयी वाढल्या आहेत, पण थांबा ऐन वेळी सापडेल असे धरून निघू नये. इंटरचेंजमधून खाली उतरून गावात जावे लागेल हे आधीच वेळापत्रकात लिहून ठेवावे. मेहकरला उतरले तर लोणार जवळ आहे. पुढे सिंदखेडराजा, जालना. खाली उतरण्यात पाऊण तास जातो, पण मुलांना धावायला मोकळी जमीन मिळते, आणि त्या 180 मिनिटांतली बरीचशी तिथेच वसूल होतात. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक धोका असतो, आणि तो खास जुळ्यांचा आहे. मोठे माणूस एकच आहे, एका मुलाला शौचाला न्यायचे आहे, दुसरे नुकतेच झोपले आहे. मग ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून त्याला गाडीतच ठेवले जाते. 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत बंद मोटारीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढले, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काचा थोड्या खाली ठेवून विशेष फरक पडला नाही. ती मोजणी सौम्य हवामानातली होती. वाशीम-अमरावतीकडच्या उन्हाळ्यात सुरुवातच चाळिशीच्या पुढून होते. झोपमोड झाली तरी दोघांनाही उतरवावे.

वेगाचा प्रश्न उरतो. भारत एनकॅप ही आपली गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. मुलांच्या सुरक्षेला तिच्यात वेगळे तारे आहेत आणि सीटमध्ये दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या बसवल्या जातात. समोरून धडकेची चाचणी होते ताशी 64 किलोमीटरने. 120 च्या वेगात त्या चाचणीच्या साडेतीन पट ऊर्जा असते, 90 च्या वेगात दुप्पट. पाच ताऱ्यांची गाडी आणि उत्तम सीट असली, तरी त्यांची परीक्षा झाली आहे ती याहून कितीतरी सौम्य धडकेत. आणि 701 किलोमीटरवर 120 ऐवजी 90 ने गेल्यास फरक पडतो दोन तासांचा. एका दिवसात पोचायचे असेल तर ते दोन तास फार मोठे वाटतात. दोन दिवसांत विभागले की दर दिवशी एक तास, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. नागपुरातून पहाटे निघून छत्रपती संभाजीनगरला मुक्काम केला तर निम्म्याहून थोडे अधिक अंतर कटते आणि चालवण्याचा वेळ पाच तासांच्या आसपास राहतो. थांबे धरून दुपारी दोन-तीनपर्यंत पोचता येते आणि संध्याकाळ मुलांना मोकळी मिळते. दुसऱ्या दिवशीचा रस्ता कमी आहे, पण आमण्यापुढची मुंबईची गर्दी त्यात धरायला हवी, म्हणून त्या दिवशीही सकाळी लवकरच निघावे.

आमच्या वेळी एसटीने, बैलगाडीने, मांडीवर घेऊनच सगळे वाढले, हा आक्षेप शेवटी येतोच. बैलगाडी ताशी 120 ने जात नव्हती. आणि भारतात एकट्या 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. याच्या उलट बाजूने येणारा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: एवढे सगळे करायचे तर मोटारीने जावेच कशाला? नागपूर-मुंबई रात्रीच्या गाडीत मुले आडवी झोपतात, डब्यात चालतात, पाच वर्षांखाली वेगळा बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही, आणि चालक दुसरा असतो. स्टेशनापासून स्टेशनापर्यंतच जायचे असेल तर या आक्षेपाला उत्तर नाही, रेल्वेनेच जावे. मोटारीची बाजू उरते ती स्टेशनपासून दूरच्या गावांसाठी, आजी-आजोबांना बरोबर न्यायचे असेल तेव्हा, किंवा महिनाभराचे सामान दोन मुलांसह हलवायचे असेल तेव्हा. यांत मधला मार्गही आहे: मोठे अंतर रेल्वेने कापावे आणि उतरल्यावर भाड्याची गाडी घ्यावी. मात्र त्या वेळी दोन्ही चाइल्ड सीट सामानात बरोबर असाव्या लागतात, कारण भाड्याच्या गाडीत त्या सहसा नसतात, आणि स्टेशनापासून गावापर्यंतच्या शेवटच्या चाळीस किलोमीटरांनाही तेच भौतिकशास्त्र लागू असते.